रक्ताचं बालपण कोण संपवतं?

सिकलसेल असलेलं बाळ पहिले सहा महिने ठणठणीत का असतं? या एका प्रश्नाच्या मागे गेलं, की आपल्या पेशींमधल्या सगळ्यात लहान कारभाऱ्यांची ओळख होते.

एक बाळ जन्माला येतं. रडणं खणखणीत, वजन चांगलं, दूधही व्यवस्थित पितं. टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबांचा रिपोर्ट येतो आणि त्यात लिहिलेलं असतं, ‘सिकलसेल’. घरातले एकदा रिपोर्टकडे बघतात, एकदा बाळाकडे. आजी म्हणते, “मशीनच चुकलं असेल. एवढं गुटगुटीत लेकरू, त्याला कसला आजार?”

मशीन चुकलेलं नसतं. पण आजीचंही निरीक्षण चुकलेलं नसतं. सिकलसेल असलेली बाळं पहिले पाच-सहा महिने बहुतेक वेळा खरोखरच ठीक असतात. त्यानंतर मात्र एखाद्या दिवशी बाळाच्या हातापायांची बोटं सुजतात, ते कळवळून रडायला लागतं आणि तिथून दवाखान्याच्या फेऱ्या सुरू होतात.

आता जरा विचार करा. आजाराचं जनुक बाळाच्या शरीरात पहिल्या दिवसापासून होतं. आईच्या पोटात होतं तेव्हाही होतं. मग ते इतके महिने गप्प का बसलं? आणि सहाव्या महिन्यानंतर अचानक बोलायला का लागलं?

दहावीनंतर माझा आणि जीवशास्त्राचा संबंध सुटला. पुढे मी इंग्रजी साहित्य शिकले. त्यामुळे हे समजून घ्यायला मला वेळ लागला. पण एकदा समजलं तेव्हा वाटलं, हे प्रत्येक घरात माहीत असायला हवं.

दोन हिमोग्लोबिन, दोन वेळा

आपल्या रक्ताचा लाल रंग हिमोग्लोबिनमुळे असतो, हे आपण शाळेत शिकलो. शाळेत फारसं सांगत नाहीत ते हे, की आयुष्यात आपल्याकडे वेगवेगळ्या वेळी वेगवेगळं हिमोग्लोबिन असतं.

हिमोग्लोबिन चार साखळ्यांचं बनलेलं असतं. मोठ्या माणसात दोन अल्फा आणि दोन बीटा साखळ्या असतात. पोटातल्या बाळात दोन अल्फा आणि दोन गॅमा. कारण सोपं आहे. पोटातलं बाळ स्वतः श्वास घेत नाही, त्याला वारेतून आईच्या रक्तातला ऑक्सिजन ओढून घ्यावा लागतो. गॅमा साखळ्यांचं हिमोग्लोबिन ऑक्सिजनला जास्त घट्ट धरतं. त्याला गर्भातलं हिमोग्लोबिन म्हणतात.

जन्माच्या वेळी बाळाच्या रक्तात याचाच वाटा मोठा असतो. मग तो हळूहळू कमी होत जातो आणि त्याची जागा बीटावालं हिमोग्लोबिन घेतं. मोठ्या माणसात गर्भातलं हिमोग्लोबिन साधारण एक टक्का किंवा त्याहूनही कमी उरतं.

सिकलसेलची चूक आहे बीटा साखळीच्या जनुकात. एकच अक्षर बदललेलं असतं. तेवढ्यानेही ऑक्सिजन सोडल्यावर हिमोग्लोबिनचे कण एकमेकांना चिकटून त्यांचे दांडे तयार होतात आणि गोल तांबडी पेशी विळ्यासारखी वाकडी होते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. दुखणं तिथून सुरू होतं. शिवाय निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, पण ही विळ्यासारखी पेशी १० ते २० दिवसांतच संपते. म्हणून अंगात रक्त टिकत नाही.

आता कोडं सुटायला लागतं. बाळाकडे गॅमा साखळ्या भरपूर असतात तोवर बीटामधली चूक झाकलेली राहते. न्यूयॉर्कमधल्या जॅनेट वॉटसन या डॉक्टरांनी १९४८ मध्येच हे ओळखलं होतं. सिकलसेल असलेल्या नवजात बाळांच्या रक्तात विळ्यासारख्या पेशी फार कमी का दिसतात, याचं कारण गर्भातल्या हिमोग्लोबिनमध्ये असावं, असं त्यांनी मांडलं. पुढे असेही लोक सापडले ज्यांच्यात गर्भातलं हिमोग्लोबिन जन्मभर वाढलेलंच राहतं. अशा माणसाला सिकलसेलचं जनुक मिळालं तरी त्याला सहसा फारसा त्रास होत नाही.

म्हणजे औषध आपल्या शरीरातच आहे. गॅमाचं जनुक मोठेपणी नाहीसं होत नाही. त्याला फक्त कुलूप लागतं. प्रश्न एवढाच, की कुलूप लावतं कोण?

२००८ मध्ये अमेरिकेत बॉस्टनच्या स्टुअर्ट ऑर्किन आणि विजय शंकरन यांच्या गटाने एक नाव पुढे आणलं, बीसीएल११ए. हे एक प्रथिन आहे आणि त्याचं काम म्हणजे गॅमाच्या जनुकाला कुलूप घालणं. मोठ्यांच्या रक्त तयार करणाऱ्या पेशींत ते भरपूर असतं, गर्भातल्या पेशींत जवळजवळ नसतं.

तुम्ही म्हणाल, “गर्भात बीसीएल११एचं जनुक बंद असेल, झालं.” गंमत इथेच आहे. ते जनुक गर्भातही चालूच असतं! त्यातून हुकूम निघत असतो, पण प्रथिन तयार होत नाही. हे कसं, ते कळायला पेशीच्या कारभारात थोडं डोकवावं लागेल.

मूळ कागद घरात, बाहेर झेरॉक्स

आपण रेशनकार्ड किंवा सातबारा कपाटात जपून ठेवतो. कचेरीत जाताना नेतो त्याची झेरॉक्स. पेशीही तेच करते.

मूळ कागद म्हणजे डीएनए. तो पेशीच्या केंद्रकात बंदोबस्तात असतो. एखादं प्रथिन बनवायचं असेल तर त्या जनुकाची नक्कल काढली जाते. ती नक्कल म्हणजे एमआरएनए. कोविडच्या लसींमुळे हा शब्द आपल्या कानावर आला आहे. पुण्यात विकसित झालेल्या एका लसीतही हेच तंत्र वापरलं आहे. ही नक्कल केंद्रकाबाहेर येते, तिथले रायबोसोम ती वाचतात आणि प्रथिन तयार करतात.

माणसाच्या शरीरात प्रथिनं बनवणारी सुमारे २०,००० जनुकं आहेत आणि जवळजवळ प्रत्येक पेशीत ती सगळी आहेत. डोळ्यातल्या पेशीकडे यकृताची जनुकं आहेत, यकृताकडे मेंदूची आहेत. फरक एवढाच, की कुठे कोणता कागद चालवायचा हे ठरलेलं असतं.

पूर्वी शास्त्रज्ञांना वाटायचं, की हा निर्णय मुख्यतः नक्कल काढतानाच होतो. झेरॉक्स निघाली म्हणजे काम झालं. पण कचेरीचा अनुभव असलेल्या कोणालाही विचारा. अर्ज दिला म्हणजे काम होतं का? अर्ज टेबलावर पडून राहू शकतो, गहाळ होऊ शकतो, कोणी त्यावर फाइल ठेवू शकतं किंवा ‘सध्या नको’ अशी चिठ्ठी लावू शकतं. पेशीतही अगदी असंच घडतं. ‘नको’ म्हणणाऱ्या चिठ्ठ्या म्हणजे मायक्रोआरएनए. आणि कागद धरणारी, दाबून ठेवणारी, कापणारी, पुढे सरकवणारी मंडळी म्हणजे आरएनएला चिकटणारी प्रथिनं. माणसात अशी सुमारे १,५०० प्रथिनं आणि एक हजाराहून जास्त मायक्रोआरएनए आहेत.

हे पहिल्यांदा कळलं ते माणसात नाही, तर एका किड्यात.

एका मिलिमीटरच्या किड्याची गोष्ट

सी. एलेगन्स नावाचा हा किडा जेमतेम एक मिलिमीटर लांब असतो. अंगातून आरपार दिसतं, त्यामुळे त्याच्या पेशी एकेक करून मोजता येतात. अंड्यातून बाहेर पडल्यावर तो बालपणाच्या चार पायऱ्या चढून मोठा होतो.

१९८० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत रॉबर्ट हॉर्विट्झ यांच्या प्रयोगशाळेत व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकुन हे दोन तरुण या किड्यावर काम करत होते. त्यांच्याकडे काही बिघडलेले किडे होते. ज्यांच्यात ‘लिन-४’ हे जनुक बिघडलं होतं, ते बालपणाची पहिलीच पायरी पुन्हा पुन्हा चढत राहायचे. आकार वाढायचा, पण नीट प्रौढ व्हायचेच नाहीत. ‘लिन-१४’ बिघडलं, की बरोबर उलटं व्हायचं. म्हणजे लिन-४ चं काम लिन-१४ ला वेळेवर थांबवण्याचं होतं.

पुढे दोघांनी आपापल्या प्रयोगशाळा काढल्या. अँब्रोस यांनी लिन-४ शोधलं. रोझलिंड ली आणि र्‍होंडा फाइनबॉम या त्यांच्या सहकारी होत्या. जे हाती लागलं ते विचित्र होतं. लिन-४ कोणतंच प्रथिन बनवत नव्हतं. त्यातून तयार होत होता फक्त २२ अक्षरांचा आरएनएचा तुकडा. तिकडे रुव्हकुन यांना दिसलं, की लिन-१४ ची नक्कल निघणं थांबत नाही, थांबतं ते प्रथिन. आणि थांबण्याची खूण त्या नकलेच्या शेपटाकडच्या भागात आहे.

दोघांनी आपापली अक्षरं एकमेकांना दाखवली. लिन-४ चा तुकडा लिन-१४ च्या शेपटातल्या अक्षरांशी जुळत होता, जसं एका बाजूचं बटण दुसऱ्या बाजूच्या काजात बसावं तसं. चिठ्ठी कागदावर चिकटत होती आणि कागद वाचला जात नव्हता.

१९९३ मध्ये हे दोन्ही शोधनिबंध छापून आले. जगाने फारशी दखल घेतली नाही. किड्याची गोष्ट किड्यापुरती, असं अनेकांना वाटलं. २००० मध्ये रुव्हकुन यांच्या गटाला ‘लेट-७’ हा दुसरा मायक्रोआरएनए सापडला आणि तो किड्यात, माशीत, माशात आणि माणसातही आहे, असं दिसलं. मग मात्र सगळ्यांचे डोळे उघडले. ७ ऑक्टोबर २०२४ रोजी अँब्रोस आणि रुव्हकुन यांना वैद्यकाचं नोबेल जाहीर झालं.

रेग्युलेटर, स्विच नव्हे

मायक्रोआरएनए एकटा काहीच करत नाही, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. तो आधी लांब तुकडा म्हणून जन्मतो. केंद्रकात ड्रोशा नावाचं प्रथिन त्याला कापतं, बाहेर आल्यावर डायसर नावाचं दुसरं प्रथिन पुन्हा कापतं. मग उरलेला २२-२३ अक्षरांचा तुकडा अर्गोनॉट या प्रथिनाच्या कुशीत जाऊन बसतो. त्यानंतर ही जोडी एमआरएनएंच्या गर्दीत आपला कागद शोधत फिरते. ओळखीची खूण साधारण सात अक्षरांची असते. खूण जुळली, की कागदाचं वाचन मंदावतं, त्याचं शेपूट झिजतं आणि शेवटी कागदच फाडला जातो.

खूण इतकी छोटी असल्यामुळे एक मायक्रोआरएनए शेकडो वेगवेगळे कागद ओळखू शकतो. आणि एका कागदावर अनेक मायक्रोआरएनए बसू शकतात. परिणाम बहुतेक वेळा सौम्य असतो. दिवा चालू-बंद करणाऱ्या बटणापेक्षा पंख्याच्या रेग्युलेटरसारखा. पाचवरून तीनवर, तीनवरून दोनवर. पण शरीरात कितीतरी गोष्टी ‘आहे की नाही’ यापेक्षा ‘किती आहे’ आणि ‘कधी आहे’ यावर ठरतात.

पेपरवेट ठेवणारं प्रथिन

आता पुन्हा बाळाकडे येऊ.

त्याच किड्यात ‘लिन-२८’ नावाचं आणखी एक जनुक होतं. ते बिघडलं, की किडा बालपणाची पायरी गाळून घाईने मोठा व्हायचा. म्हणजे त्याचं खरं काम बालपण टिकवून धरण्याचं. लिन-२८ पासून तयार होतं आरएनएला चिकटणारं प्रथिन. माणसात त्याची दोन भावंडं आहेत. त्यातलं एक लिन२८बी.

गर्भातल्या रक्त तयार करणाऱ्या पेशींत लिन२८बी असतं. मोठ्यांच्या अस्थिमज्जेत ते जवळजवळ नसतं. ते दोन कामं करतं. पहिलं, ते लेट-७ च्या कच्च्या तुकड्याला धरून ठेवतं आणि त्याला पक्का होऊ देत नाही. लेट-७ हा मोठेपणीचा मायक्रोआरएनए. तो तयारच झाला नाही, तर पेशी लहानच राहते. अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये दाखवलं, की प्रौढ माणसाच्या रक्ताच्या कोवळ्या पेशींत लिन२८बी वाढवलं, की लेट-७ घटतो आणि त्या पेशी पुन्हा गर्भातलं हिमोग्लोबिन बनवायला लागतात. मोठ्या पेशीला बालपण आठवलं म्हणा ना!

दुसरं काम २०२० मध्ये शंकरन यांच्या गटाने उघड केलं. मघाचं कोडं आठवतं? गर्भात बीसीएल११एची नक्कल निघते, पण प्रथिन बनत नाही. त्यांना दिसलं, की लिन२८बी हे थेट त्या नकलेवरच जाऊन बसतं, टेबलावरच्या कागदावर पेपरवेट ठेवावं तसं. कागद तिथेच असतो, पण वाचला जात नाही. कुलूप लावणारा तयार होत नाही, म्हणून गॅमाचं दार उघडं राहतं.

बाळ मोठं व्हायला लागलं, की लिन२८बी कमी होतं. पेपरवेट उचललं जातं. बीसीएल११ए तयार होतं, गॅमाला कुलूप लागतं आणि बीटाचं राज्य सुरू होतं. बीटा निरोगी असेल तर घरात कोणाला पत्ताही लागत नाही. बीटात चूक असेल तर मात्र साधारण सहाव्या महिन्यानंतर ती चूक उघडी पडते.

रक्ताचं बालपण असं संपतं.

तेराव्या गुणसूत्राचा धडा

मायक्रोआरएनए खरोखरच माणसाच्या रक्तात हे काम करतात, याचा एक पुरावा फार दुःखद ठिकाणी मिळाला. काही बाळांत १३ नंबरचं गुणसूत्र दोनऐवजी तीन असतं. हा गंभीर दोष आहे आणि यातली बहुतेक बाळं पहिला वाढदिवसही पाहू शकत नाहीत. डॉक्टरांनी फार पूर्वीच टिपून ठेवलं होतं, की या बाळांत गर्भातलं हिमोग्लोबिन जास्त असतं आणि जास्त काळ टिकतं. पण का, ते कळत नव्हतं.

२०११ मध्ये उत्तर मिळालं. १३ नंबरच्या गुणसूत्रावर दोन मायक्रोआरएनए आहेत, मिर-१५ए आणि मिर-१६-१. गुणसूत्र जास्तीचं, म्हणून हे दोघेही जास्त. ते मायब नावाच्या प्रथिनाची नक्कल दाबतात आणि मायब कमी झालं, की गर्भातलं हिमोग्लोबिन वाढतं.

हे वाचून कोणालाही वाटेल, मग हेच दोन मायक्रोआरएनए सिकलसेलच्या मुलांना का देत नाहीत? थांबा. हे दोघे फक्त एकाच कागदावर बसत नाहीत. २००२ मध्ये रक्ताच्या एका प्रकारच्या कर्करोगात, म्हणजे क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमियात, अनेक रुग्णांमध्ये हेच दोन मायक्रोआरएनए हरवलेले किंवा कमी झालेले आढळले होते. कर्करोगाशी जोडले गेलेले हे पहिलेच मायक्रोआरएनए. प्रत्येक चिठ्ठी शेकडो टेबलांवर जाते. एका टेबलावरचा फायदा बघून ती वाटत सुटलो, तर दुसऱ्या टेबलावर काय होईल ते सांगता येत नाही.

रक्ताबाहेरही हेच

हा कारभार फक्त रक्तापुरता नाही. लिन२८बीच्या जनुकाजवळचे छोटे फरक आणि मुलींना पहिली पाळी येण्याचं वय यांचा संबंध २००९ मध्ये अनेक गटांना एकाच वेळी सापडला. किड्याचं बालपण टिकवणाऱ्या प्रथिनाचं भावंड आपल्या वयात येण्याच्या घड्याळातही आहे, हे वाचून मी थक्क झाले होते. अर्थात पाळीचं वय एका जनुकावर ठरत नाही. पोषण, वजन, घराण्यातला कल अशा कितीतरी गोष्टी त्यात येतात.

दुसरं उदाहरण स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रोफीचं, म्हणजे एसएमएचं. यात बाळाचे स्नायू हळूहळू दुबळे होतात. एक जनुक बिघडलेलं असतं आणि त्याच्या जुळ्या जनुकाची नक्कल अर्धवट निघते, कारण आरएनएला चिकटणारी काही प्रथिनं त्या नकलेवर बसून एक महत्त्वाचा तुकडा वगळायला लावतात. नुसिनर्सेन या औषधाने ती बसण्याची जागाच झाकली जाते. मग तुकडा वगळला जात नाही आणि उपयोगी प्रथिन तयार व्हायला लागतं. २०१६ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत या औषधाला मान्यता मिळाली. जनुक न बदलता, फक्त कागदावरची बसायची जागा अडवून बाळांचं आयुष्य बदलता येतं, हे त्यातून दिसलं.

मग सिकलसेलच्या मुलांसाठी काय?

सध्या सगळ्यात जास्त वापरात असलेलं आणि परवडणारं औषध हायड्रॉक्सियुरिया. १९९८ मध्ये अमेरिकेत सिकलसेलसाठी त्याला मान्यता मिळाली आणि आपल्याकडेही डॉक्टर ते देतात. त्याने गर्भातलं हिमोग्लोबिन वाढतं आणि दुखण्याचे झटके कमी होतात. मात्र रक्ताच्या तपासण्या करत, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच ते घ्यावं लागतं.

त्यापुढचा प्रयत्न थेट कुलूप लावणाऱ्यावर आहे. बॉस्टनमध्ये सहा रुग्णांवर केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. रुग्णाच्याच रक्ताच्या मूळ पेशी बाहेर काढल्या. त्यांच्यात मायक्रोआरएनएच्या साच्यात बसवलेली एक कृत्रिम चिठ्ठी घातली. चिठ्ठीवरचा मजकूर एकच, ‘बीसीएल११ए बनवू नका’. आणि ती फक्त तांबड्या पेशी घडवणाऱ्या पेशींतच वाचली जाईल अशी सोय केली, म्हणजे बाकीच्या टेबलांवर गोंधळ नको. सहाही जणांत गर्भातलं हिमोग्लोबिन वाढलं. निसर्गाची पद्धत निसर्गाकडूनच उसनी घेतल्यासारखं हे आहे.

२०२३ च्या नोव्हेंबरमध्ये ब्रिटनने आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेने कॅसजेव्ही या उपचाराला मान्यता दिली. यात चिठ्ठी नसते. क्रिस्पर या जनुकीय कात्रीने बीसीएल११एचं तांबड्या पेशींमधलं बटणच कापलं जातं. पण अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर आहे. शिवाय या दोन्ही उपचारांत आधी जोरदार केमोथेरपी घ्यावी लागते. गडचिरोली किंवा नंदुरबारच्या पाड्यावरच्या मुलापर्यंत हे पोहोचायला अजून मोठा पल्ला आहे.

तोवर आपण काय करायचं?

भारतात सिकलसेल पहिल्यांदा नोंदला गेला तो १९५२ मध्ये, निलगिरीच्या डोंगरातल्या आदिवासींमध्ये. आज विदर्भ, खानदेश, मध्य प्रदेश, छत्तीसगड, ओडिशा, गुजरात अशा मोठ्या पट्ट्यात तो आहे. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू केलं. त्यात ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायचं ठरलं आहे. आपल्या हातात असलेल्या गोष्टी या :

• लग्नाआधी तपासणी करा. आईवडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. वाहक माणूस स्वतः सहसा निरोगी असतो, त्यामुळे चाचणीशिवाय कळत नाही. पत्रिका जुळवतो तसे रिपोर्टही जुळवून पाहायला काय हरकत आहे?

• थॅलेसेमियाही विसरू नका. त्यातही बीटा साखळीचीच अडचण असते आणि तेही बाळ जन्मताना ठीक दिसतं, कारण तेच, गर्भातलं हिमोग्लोबिन. सिंधी, पंजाबी, कच्छी, लोहाणा अशा काही समाजांत त्याचे वाहक जास्त आहेत.

• सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला योग्य चाचणी हवी. सिकलसेलची साधी सोल्युबिलिटी चाचणी या वयात फसू शकते, कारण बाळाचं बरंचसं हिमोग्लोबिन अजून गर्भातलंच असतं. एचपीएलसीसारखी चाचणी लागते. म्हणून ‘निगेटिव्ह आलं’ एवढ्यावर थांबू नका, कोणती चाचणी केली ते विचारा.

• बाळ ठीक दिसतं म्हणून फेऱ्या चुकवू नका. पहिल्या सहा महिन्यांची ही शांतता म्हणजे तयारीसाठी मिळालेला वेळ आहे. लसी, जंतुसंसर्गापासून बचावाची औषधं, ताप आला तर काय करायचं याची माहिती, हे सगळं याच काळात उरकून घ्यावं.

• ‘जनुक बदलणाऱ्या’ पावडरी आणि काढ्यांच्या जाहिरातींना भुलू नका. एक मायक्रोआरएनए शेकडो कागदांवर बसतो, हे तुम्ही आत्ताच वाचलंत. तो डबीत भरून विकण्याइतकी सोपी गोष्ट नाही.

आणि घरातल्या आजीला काय सांगायचं? “आजी, तू बघितलंस ते बरोबरच आहे. बाळ आत्ता खरंच ठीक आहे. त्याच्या पेशींनी त्याचं बालपणीचं रक्त अजून जपून ठेवलंय. पण ते काही महिन्यांचंच आहे. म्हणून चल, सोमवारची तारीख आहे, दवाखान्यात जाऊन येऊ.”